कीराचा कौल

आमच्या घराण्यात माणसं कमी आणि मतं जास्त. काकीच्या कीरासाठी घर शोधायचं ठरलं तेव्हा ती सगळी मतं एकदम बाहेर पडली, आणि त्यातलं एकही कीराच्या उपयोगाचं नव्हतं.

पोपटाला आमच्याकडे कीर म्हणतात. काकीने त्याला दुसरं नाव कधी ठेवलं नाही. काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. पेडण्यातल्या आमच्या गावी, काकाने बांधलेल्या दोन खोल्या आणि एक पडवी एवढ्या घरात ती राहायची. मूलबाळ नाही, काका जाऊनही बरीच वर्षं झालेली. मागच्या खोपीत सिंधुदुर्गातून काजूच्या बागेत कामाला आलेली एक बाई बिऱ्हाड करून होती, तिची सोबत. आणि पडवीत टांगलेला हा कीर.

शेजाऱ्याने वठलेला माड पाडला तेव्हा त्याच्या ढोलीतून हे पिल्लू खाली आलं होतं. एक पंख तेव्हाच मोडला. काकीने मऊ भात भरवून त्याला जगवलं, पण पंख वाकडाच सांधला गेला. उडणं संपलं. बोलायलाही तो कधी शिकला नाही. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या भोंग्याचा आवाज मात्र तो हुबेहूब काढायचा. त्याने भरदुपारी भोंगा वाजवला की शेजारणी पिशव्या घेऊन बाहेर यायच्या आणि मग कीराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आत जायच्या. काकी पदराआड हसायची. तिला हसताना मी बहुतेक तेव्हाच पाहिलं आहे, कारण एरवी तिची जीभ अशी की समोरच्याला हसायची हिंमत होत नसे.

मग काकीच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. डाव्या डोळ्याचं दिसणं गेलंच, उजव्याला नुसता उजेड कळायचा. एका सकाळी पेजेचं भांडं उतरवायला म्हणून तिने पेटत्या चुलीत हात घातला. हात भाजला, आणि माझे दोघे भाऊ गावी येऊन पडवीत बसले.

थोरला डिचोलीला असतो, खाणीच्या कचेरीत. त्याला आम्ही दादा म्हणतो. चांगलं काम करायचं असलं की ते आधी मोठ्याने सांगायची दादाला सवय आहे, आणि बरेचदा सांगण्यातच ते काम उरकतं. पडवीत बसून तो म्हणाला, "काकीला आम्ही डिचोलीला नेणार. तिला एकटीला ठेवणं आमच्या मनाला पटत नाही." हे तो काकीला सांगत नव्हता. कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना सांगत होता. धाकटा फोंड्याला कंपनीच्या क्वार्टरात राहतो. त्याचं मत म्हणजे दादाचंच मत, फक्त थोडं उशिरा येतं. तोही म्हणाला, "पटत नाही."

काकीने भाजलेल्या हाताला गुंडाळलेलं फडकं नीट केलं आणि विचारलं, "आणि कीर?"

दादाने सोबत आलेल्या वहिनीकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे बघितलं. वहिनीच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे, त्यात काचेचे हंस, काचेची बदकं, काचेचा एक मोरसुद्धा आहे. वहिनीला पक्षी आवडतात, फक्त ते हगता कामा नयेत. ती म्हणाली, "पिसं उडतात हो काकी. मला शिंका येतात." आजवर काकीच्या पडवीत बसून तिने कितीदा जेवण केलं असेल, शिंक एकदाही आलेली मी ऐकली नव्हती.

"मगे पयलां कीराचां बघा," काकी म्हणाली. "तेका बरां घर गावलां की मी येतंय. तेचे आदी माका कोणी हलवाचां नाय."

तिने ते इतक्या ठामपणे सांगितलं की वाद घालायची कोणाची छाती झाली नाही. पंख मोडलेला पक्षी म्हणजे कुठल्याही मांजराचं आयतं जेवण. तो कोणाच्या हाती पडतो यावर त्याचं जगणं अवलंबून होतं, आणि ते तिला आमच्या सगळ्यांपेक्षा नीट कळत होतं.

माझ्याकडे कीर ठेवणं शक्य नव्हतं. माझं सासर मये गावात, आणि तिथे सासऱ्यांनी लाडावलेल्या मांजरांचं राज्य. ती ताटातला मासा उचलून नेत आणि सासरे कौतुकाने बघत. काकीलाच मी मयेला चल म्हणून आधी विचारलं होतं. तर ती म्हणाली, "चेडू दिल्या घराक रवाक जावची आमची रीत न्हय, बाय." लेकीच्या सासरी राहायचं नाही, या रीतीपुढे डोकं आपटून उपयोग नसतो. म्हणून घर शोधायचं काम तरी माझ्या गळ्यात पडलं. मी डिचोलीच्या एका वाचनालयात कामाला होते. दादाच्या मते ते काम नव्हेच. "तू काय, बसूनच असतेस," तो म्हणाला. तो स्वतः कचेरीत उभा राहून काम करतो की काय कोण जाणे.

मी ठरवलं की आधी घरं बघायची, कीर मागाहून. लेक द्यायची तर आपण चौकशी करतोच ना. मांजर आहे का, घरात माणसं असतात का, टांगायची जागा कुठे, खायला काय देणार, असे सगळे प्रश्न मी मनात जुळवून ठेवले होते.

पहिलं स्थळ केरीचं. माझ्या मावसभावाने तिथे किनाऱ्यावर झावळ्यांचं हॉटेल टाकलं होतं. बसमधून उतरून मी पायलटच्या मागे, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर बसून वाळूपर्यंत गेले. समोर गोरी माणसं उन्हात पडली होती. आमच्या लोकांना उन्हात राबताना बघून ज्यांना कीव येते तीच ही माणसं उन्हात पडायला इतक्या लांबून येतात. मावसभाऊ मला बघून खूश झाला. कीराचं ऐकल्यावर तर आणखीच.

"हाड गे, घेवन ये! हांगाच टांगूया, दारात. फॉरेनर फोटो काडतले."

"मांजरं आहेत का?"

"माजरां नाय. कुत्रे आसत, पण ते बिस्किटां खातत."

दारावर आधीच एक पिंजरा होता. त्यात लिंबं ठेवली होती. मी विचारलं, "ह्यात आधी काय होतं?"

"कीरच. पावण्यांनी तेका रम पिवक शिकयलो. मज्जा येयची गे, गरगर फिराचो."

"मग?"

"मगे काय. मेलो." आणि तो हसला. अगदी मोकळं, मनापासून. माझ्यासमोर ठेवलेलं लिंबू सोडा मी तसंच टाकून उठले. पाठीमागून तो ओरडत होता की सोडा तरी पी, पाहुणचार नाकारू नकोस. असल्या पाहुणचाराने एक जीव गेला होता, दुसरा मी देणार नव्हते.

दुसरं स्थळ मयेलाच, पण आमच्या घरापासून लांब. तळ्याकाठी घर, मागे पेरांची झाडं, घरात मांजर नाही, नवराबायको दोघंच. पेर म्हणजे पेरू, आणि कीराला तो फार आवडे. मला वाटलं, जमलं. घरमालक गोवा मुक्तीच्या चळवळीत होते असं ते स्वतः सांगायचे. दरवर्षी मुक्तिदिनाला मयेच्या शाळेत त्यांचं भाषण असायचं, आणि पोरं उन्हात चक्कर येऊन पडेपर्यंत ते चालायचं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत ताठ बसले.

"पिंजऱ्यात?" ते म्हणाले. "साडेचारशे वर्षं आपण पिंजऱ्यात होतो. माझ्या घरात पिंजरा येणार नाही. तू त्याला आण. मी स्वतःच्या हाताने दार उघडीन. तळ्यावर सोडून देऊ."

"त्याला उडता येत नाही. पंख मोडलाय."

"स्वातंत्र्य मिळालं की पंखही फुटतात."

माणूस थट्टा करत असावा असं वाटलं, पण नाही, डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. त्यांची बायको दारात उभी होती, ती मला हळूच म्हणाली, "आणू नको गो. खरंच सोडतील." त्या घरात शहाणपण कुठे होतं ते तेवढ्यात कळलं. शेवटी स्वातंत्र्याच्या नावाने कीर तळ्याकाठच्या मांजराच्या पोटात गेला असता, आणि यांना पुढच्या भाषणाला नवी गोष्ट मिळाली असती.

तिसरं स्थळ दादाने आणलं. वहिनीचा एक मावसभाऊ होता, डिचोलीच्या बाहेर खाणीच्या रस्त्याला बंगला बांधलेला. त्याचे खनिज वाहणारे ट्रक होते. बंगल्याला गुलाबी रंग, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, आणि सिंहांच्या आयाळीत लाल धूळ. त्या रस्त्याने दिवसभर ट्रक जायचे. धूळ इतकी की माणसं झाडांचा हिरवा रंग विसरली होती. मी सांगितलं, इथे नको, पक्षी गुदमरून मरेल. दादा म्हणाला, "तू सगळ्यांत खोड काढतेस. त्यांच्याकडे माणसं आहेत, नोकर आहेत. त्यांनी स्वतः मागितलाय." ट्रकवाल्याने एकच चौकशी केली होती, कीर बोलतो का, हिंदी बोलतो का. त्याला घरी येणाऱ्या साहेबांना नमस्ते म्हणणारा कीर हवा होता.

आमचं भांडण झालं. चांगलं कडाक्याचं झालं. आणि आमच्या घरात भांडण झालं की पुरुष माणसं देवाकडे धावतात, कारण देव उलट बोलत नाही. दादा म्हणाला, "कौल घेऊ. देव सांगेल तसं."

कौल म्हणजे आमच्या गावदेवीच्या देवळात गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, आणि तुमचा प्रश्न देवीपुढे मांडतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्नं ठरतात, घरांचे पाये भरतात, कोर्टातले खटलेसुद्धा यावर मागे घेतले जातात. मी देवीला नमस्कार करते, खोटं कशाला सांगू. पण तिच्यापुढे प्रश्न मांडणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

काकी त्या दिवशी आली नव्हती, पायऱ्या चढायला तिला त्रास व्हायचा. गाभाऱ्यासमोर आम्ही भावंडं, वहिनी आणि तो ट्रकवाला. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि सूर लावला, "बा देवी म्हाराजा, ही तुजी लेकरां तुज्या दारात उबी आसत. ह्यो कीर ह्या घराक दिल्यार सुखान रवतलो, तर उजवो दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दादा आणि धाकटा.

थोड्याच वेळात डावी पाकळी पडली. टपकन.

मला वाटलं, झालं, देवीला तरी अक्कल आहे. पण दादा गुरवाला म्हणाला, "प्रश्न नीट मांडला गेला नाही. परत विचार." ही आमच्या लोकांची जुनी सोय. उत्तर मनासारखं नसलं की चूक प्रश्नाची. गुरवाने नव्या पाकळ्या लावल्या. या खेपेला 'सुखाने' हा शब्द गाळला आणि नुसतं 'राहील का' असं विचारलं. कितीतरी वेळ कुठलीच पाकळी हलली नाही. सगळे घामाघूम झाले. "देवी विचार करतेय," धाकटा कुजबुजला.

तिसऱ्यांदा दादाने स्वतः प्रश्न सांगितला. "हरकत नसेल तर उजवो दी, असां विचार." आणि उकडतंय म्हणून ट्रकवाल्याने भिंतीवरचा पंखा लावला. उजवी पाकळी भिरभिरत खाली आली.

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात. वहिनीने तर डोळे पुसले. मी पंख्याकडे बोट दाखवलं तर दादा म्हणाला, "वारा कोणाच्या हुकमाने वाहतो?" वारा देवीच्या हुकमाने आणि बटण ट्रकवाल्याच्या हाताने.

काकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "देवीन सांगल्यान तर बरां." तिने पिंजऱ्यात हात घातला. कीर तिच्या बोटांवर येऊन बसला, आणि तिने त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ. नंतर आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा पिंजऱ्याभोवती गुंडाळला, गाडीत त्याला भीती वाटू नये म्हणून. मला फार वाईट वाटलं. दादाला घाई होती.

काकीला न्यायचा दिवस लगेच ठरेल असं मला वाटलं होतं. ठरला नाही. दादाच्या घरी रंगकाम निघालं. मग पाहुणे. मग म्हणे चांगला दिवस नव्हता. मी वाचनालयातून सुटले की त्याच्या घरावरून जायची, तिथे रंगाचा डबा काही दिसला नाही.

एक दिवस मी सांगितल्याशिवाय ट्रकवाल्याच्या बंगल्यावर गेले. पिंजरा फाटकाला टांगला होता, एका सिंहाच्या मानेला, रस्त्याच्या अगदी कडेला. ट्रक जात होते. पिंजऱ्यात काहीतरी विटकरी रंगाचं बसलं होतं. जवळ जाऊन बघितलं तेव्हा तो कीर आहे हे कळलं. डोळे मिटलेले, पंख पिसकारलेले, पाण्याच्या वाटीत लाल चिखल. मी हाक मारली. त्याने डोळा उघडला आणि परत मिटला. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त होता.

ट्रकवाल्याची बायको बाहेर आली. "अहो, घरात ठेवला होता पहिल्यांदा. पण दिवसभर भों भों करतो. नमस्ते काही म्हणत नाही. डोकं उठवलं त्याने. म्हणून बाहेर हवेशीर ठेवलाय."

"हवेशीर," मी म्हटलं.

"हो ना. येणारे जाणारे बघतात, करमणूक होते त्याची."

मी सिंहाच्या मानेवरून पिंजरा काढला. ती म्हणाली, अहो, असं कसं, ह्यांना विचारायला हवं. मी म्हटलं, विचारा, आणि सिंहालाही विचारा. आणि चालायला लागले. म्हापशाला बस बदलून गावी पोचेपर्यंत पिंजरा मांडीवर होता. शेजारच्या सीटवरचा एक माणूस वाटभर मला समजावत होता की हा मरणार, उगाच नेताय. लोकांना दुसऱ्याचं मरण सांगायची इतकी हौस का असते, मला कळत नाही.

काकीला काही सांगायची गरज पडली नाही. तिने पिंजऱ्यात हात घातला आणि पिसांवरून फिरवला. बोटांना धूळ लागली. तिने मागच्या खोपीतल्या बाईला हाक मारून कोमट पाणी मागवलं आणि ओल्या फडक्याने कीराला पुसत बसली. पाणी लाल होत गेलं, बाईने ते बदललं, परत लाल झालं. पाण्याच्या वाटीतला लाल चिखल मी खरवडून काढला. चार दिवसांनी कीराने पेराची फोड खाल्ली असं तिने कळवलं, तेव्हा मला झोप लागली.

दादापर्यंत बातमी पोचली. पुढच्या रविवारी तो धाकट्याला घेऊन गावी आला. मी तिथेच होते. अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या त्याने सुरुवात केली. "देवीचा कौल मोडलास तू! घराण्यावर काय ओढवेल याची कल्पना आहे? आता देवळात जाऊन गाऱ्हाणं घालायला लागेल." कीर कसा आहे हे त्याने विचारलं नाही. पिंजरा त्याच्या डोक्यावरच टांगला होता, त्याला मान वर करायची तसदी घ्यावीशी वाटली नाही.

काकी पडवीच्या कट्ट्यावर बसली होती. ती म्हणाली, "थोरल्या, कीराच्या घराचो कौल घेतलास. माज्या घराचो घेतलास?"

दादा म्हणाला, "तुझा कशाला कौल? तुला आम्ही नेतोच आहोत."

"कधी?"

"रंगकाम आटपलं की."

"कीराक खंय ठेवचो तां देवीक विचारलास. माका खंय ठेवचा तां बायलेक विचारलास?" काकी उठली. "चल देवळात. माजोय कौल जाव दे."

दादाचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता. आत्ताच देवीच्या कोपाची धमकी देऊन झालेली, त्यामुळे नको म्हणायची सोय उरली नव्हती. धाकटा म्हणाला, "उन्हाची कशाला, काकी." पण ती निघालीच होती. मी तिचा हात धरला. देवळाच्या पायऱ्या तिने एकेक चाचपत चढल्या.

गुरव पाकळ्या लावायला लागला तशी ती म्हणाली, "पंखो बंद कर आदी." मी तिला पंख्याचं सांगितलं होतं. गुरवाने निमूटपणे पंखा बंद केला. प्रश्नसुद्धा तिने त्याला मांडू दिला नाही, स्वतःच मांडला. खांबाला हात टेकून, मोठ्या आवाजात, देवी जणू पडवीत बसलेली शेजारीण आहे अशी ती बोलली.

"देवी म्हाराजा, माका दिसना नाय. हात भाजता. मागची बाय चूल पेटयता, ती बरी आसा. ह्या घोवाच्या घरात, ह्या कीरावांगडा, माका मरासर रवाचां आसा. बरां आसा तर उजवो दी. नायतर डावो दी, मी थोरल्याच्या घराक जातंय. उद्याच जातंय."

मरेपर्यंत काकाच्या घरात, कीरासोबत राहायचं, एवढंच तिचं मागणं होतं, नाहीतर दादाकडे. 'उद्याच' हा शब्द ऐकल्यावर दादाने माझ्याकडे बघितलं. मग त्याने डोळे मिटून हात जोडले. आजवर इतक्या मनापासून हात जोडलेला दादा मी बघितला नव्हता.

देवळात वारा नव्हता. समईची ज्योत सरळ उभी होती. आम्ही सगळे त्या दोन पाकळ्यांकडे बघत होतो आणि काकी कान देऊन उभी होती. फार वेळ गेला नाही. उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली. गुरव म्हणाला, "उजवो."

"व्हय म्हाराजा!" दादा म्हणाला. आवाजात इतका हुरूप की बाहेरच्या पायरीवरचं कुत्रं उठून उभं राहिलं. "देवीची मर्जी! देवीच्या मर्जीपुढे आपण कोण?" धाकटा म्हणाला, "आपण कोण?" दोघांनी दंडवत घातलं. मला त्यांची लाज वाटली. सुटल्याचा आनंद लपवायचं भानसुद्धा त्यांना राहिलं नव्हतं. कीरासाठी यांनी देवीला पुन्हा पुन्हा विचारून जेरीस आणलं होतं, आणि आज एका पाकळीवर समाधान. दादा म्हणाला की त्याला डिचोलीला लवकर पोचायचंय, एक काम आहे. तीर्थ घ्यायलाही दोघं थांबले नाहीत. चपला घातल्याचा आवाज आला, मग स्कूटरचा.

काकी खांबापाशीच उभी होती. "गेले?" तिने विचारलं.

"गेले."

तिने मान हलवली. तिला जे हवं होतं तेच देवीने दिलं होतं. कीर सुटला होता, घर राहिलं होतं. मला वाटलं ती खूश असेल, आणि मी तसं काहीतरी म्हणालेही. तिने माझ्या हातावरचा हात काढून घेतला.

"दोगांतलो एकटो तरी म्हणतलो, देवीक परत एकदा विचार," ती म्हणाली. "मी वाट बघत होतंय."

मग तिनेच गुरवाला उरलेली डावी पाकळी काढायला सांगितली.